जमीन करणाराचे नाव

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,


सरकारी मदत मिळाली नाही, अशी पत्रे तुमच्याकडे ढिगाने येत असतील. मी लिहितोय ते मदत मिळाली म्हणून.

माझ्या आईच्या नावावर लातूर जिल्ह्यात 1 हेक्टर 60 आर, म्हणजे चार एकर काळी कोरडवाहू जमीन आहे. 2016 साली वडील गेले, वारसाने फेर झाला आणि ती खातेदार झाली. आज ती 71 वर्षांची आहे आणि पुण्यात माझ्याकडे राहते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून, म्हणजे सहा वर्षे, तिने शेतात पाऊल टाकलेले नाही. तरी दर चार महिन्यांनी तिच्या खात्यात पीएम-किसानचे 2,000 रुपये येतात आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचेही तेवढेच. वर्षाचे 12,000. केवायसी मी करतो. फोन तिच्या तोंडासमोर धरायचा, ॲप डोळे मिचकवायला सांगते, ती मिचकवते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात ती शेतकरी ठरते.

यात खोटे काही नाही. ती आयकर भरत नाही, तिला पेन्शन नाही, जमीन तिच्याच नावावर आहे. तुमच्या निकषांत ती चपखल बसते. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला तेव्हा देवस्थानच्या, सरकारी, दुसऱ्याच्या जमिनींवर विमे उतरवल्याचे उघड झाले, बोगस अर्जांवर विधिमंडळात गदारोळ झाला आणि 2025 मध्ये ती योजनाच गुंडाळली गेली. आमच्यासारखी माणसे त्या गाळणीत कधीच अडकणार नाहीत. आमचा कागद खरा आहे.

शेत करतात ते दुसरेच. मी त्यांना मामा म्हणतो, ते आईला अक्का म्हणतात. त्यांचे वडील आमच्याकडे सालगडी होते. त्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही, आणि त्याचे कारण फक्त खासगीपणा नाही. हे नाव कुठल्याही कागदावर येऊ द्यायचे नाही, हाच आमच्या व्यवहाराचा पाया आहे. दरवर्षी पाडव्याला ओसरीवर बसून बोलणे होते, पान-सुपारी होते, संपले. स्टॅम्प नाही, सही नाही, साधी चिठ्ठी नाही.

वडील होते तोवर अर्ध्या बटईने चालायचे. बी-खताचा खर्च निम्मा-निम्मा, माल निम्मा-निम्मा. पाऊस दगा देवो की भाव पडो, तोटाही निम्मा आमचा असायचा. वडील गेल्यावर आईला ते हिशेब झेपेनात, पुण्यात बसून कोण पोती मोजणार, म्हणून आम्ही ठोक्याने दिले. एकरी 12,000, चार एकरांचे 48,000, अर्धे पाडव्याला, अर्धे पेरणीच्या आत. हे आमच्याकडे गावोगाव झाले आहे. शहरात गेलेल्या मालकाला बटईपेक्षा ठोका सोयीचा. पण या एका बदलाने काय झाले, ते माझ्या डोक्यात गेल्या वर्षापर्यंत शिरले नव्हते. शेतीतली सगळी जोखीम आमच्याकडून मामांकडे गेली. जोखमीवरची सगळी सरकारी मदत मात्र होती तिथेच, आमच्याकडे, राहिली.

2025 चा सप्टेंबर तुम्हाला आठवत असेल. मराठवाड्यात नद्या शिवारात घुसल्या. आमचे शेत काही नदीकाठचे नाही, पण ढगफुटीसारखा पाऊस आणि वर निचरा नसलेली काळी माती. शेंगा भरलेले सोयाबीन आठ-दहा दिवस पाण्यात उभे होते. मी गेलो तेव्हा पाणी ओसरले होते. मामांनी एक झाड उपटून माझ्या हातात दिले. शेंग फोडली तर आतल्या दाण्याला पांढरा कोंब. झाडावरच उगवले होते. सगळ्या वावराला नासक्या डाळीसारखा आंबूस वास. कापून बनीम, म्हणजे ढीग, लावायची वेळच आली नाही. चार एकरांत सात पोती निघाली, तीही काळी. ठोक्यासकट त्यांचा खर्च लाखाच्या घरात गेला होता. पीककर्ज त्यांना मिळत नाही, कारण बँकेला सातबारा लागतो. त्यामुळे यातले बरेचसे पैसे महिना शेकडा तीन दराने उचललेले. मला त्यांनी एवढेच विचारले, "भाऊ, पंचनाम्याला कोण येणार? तुम्ही येता का मी उभा राहू?"

तेच उभे राहिले. पंचनामा झाला तो आईच्या नावाने. जाता जाता एक निरीक्षण नोंदवतो: पंचनाम्याला जे तिघे येतात त्या तिघांचीही पदनामे अलीकडे सरकारने बदलली. तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी, कृषी सहायकाचे सहायक कृषी अधिकारी. मान वाढला, चांगलेच झाले. शेतात चौथा जो चिखलात उभा होता, त्याला सरकारदरबारी अजून नावच नाही.

मग मदत आली. कोरडवाहूला हेक्टरी 8,500 आणि वर रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी 10,000. फार्मर आयडी काढलेला होता, त्यामुळे फार खेटे पडले नाहीत. 1 हेक्टर 60 आरचे मिळून 29,600 रुपये आईच्या खात्यात जमा झाले. ठोक्याचे 48,000 तिला आधीच मिळालेले होते. म्हणजे ज्या वर्षी शेत बुडाले, त्या वर्षी आमचे उत्पन्न वाढले. हे वाक्य मी दोनदा वाचले, मंत्रिमहोदय, हिशेब चुकला असेल असे वाटून. चुकलेला नाही.

असे पहिल्यांदा झाले असेही नाही. 2023 च्या खरिपात सोयाबीनचा भाव कोसळला म्हणून सरकारने पुढच्या वर्षी कापूस-सोयाबीनवाल्यांना हेक्टरी 5,000 रुपये दिले, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. आमचे 8,000 झाले. पडत्या भावाने सोयाबीन विकले होते मामांनी. आईने त्या वर्षी एक दाणाही विकलेला नव्हता. हमीभावाच्या खरेदी केंद्राचेही तेच. 2025 च्या खरिपात सोयाबीनला 5,328 चा हमीभाव होता, पण नोंदणीला सातबारा आणि त्यावर पीक पाहणीची नोंद लागते आणि पैसे जातात खातेदाराच्या खात्यात. ज्याचा मालक दूर किंवा लबाड, तो त्या वाटेला जातच नाही. आडतीवर मिळेल त्या भावात माल घालून मोकळा होतो.

पीक पाहणीवरून सांगतो. 2021 पासून ई-पीक पाहणी आली. तलाठ्याने चावडीत बसून पिके लिहायची पद्धत तिने मोडली, याचे श्रेय द्यायलाच हवे. शेतात उभे राहून फोटो काढायचा, अक्षांश-रेखांशासह तो वर जातो. आमच्या गटाची पाहणी मामा करतात, त्यांच्या फोनवरून. पुण्यात बसून ती करताच येत नाही. म्हणजे तुमच्या यंत्रणेला पिकाचा फोटो मिळतो, जागा मिळते, दिवस मिळतो, वेळ मिळते. आणि एवढे सगळे घेऊन ती नोंद करते की सोयाबीन आईचे आहे. फोन धरणारा हात कोणाचा, हे विचारायला ॲपमध्ये जागाच ठेवलेली नाही.

पूर्वी ती होती.

गेल्या पाडव्याला गावाकडच्या घरातली पत्र्याची पेटी आवरताना आजोबांच्या काळचा हाताने लिहिलेला उतारा सापडला. सात म्हणजे मालकीचा नमुना आणि बारा म्हणजे पिकांचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या बाराच्या उजव्या टोकाला एक रकाना आहे: 'जमीन करणाराचे नाव'. शेजारी 'रीत'. म्हणजे सातात कोणाची जमीन ते, आणि बारात ती करतो कोण ते. किती सरळ विचार होता! आमच्या उताऱ्यावर त्या रकान्यात वर्षामागून वर्ष एकच शब्द आहे, जांभळ्या शाईत, तिरका: 'खुद्द'. त्या वर्षांत आजोबा शेत अर्ध्या वाट्याने देत होते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होते. तलाठ्यालाही असणारच. पण 'खुद्द' लिहिणे सगळ्यांच्या सोयीचे होते, अगदी वाटेकऱ्यालाही, कारण दुसरे काही लिहिले गेले असते तर पुढच्या वर्षी त्याला शेत मिळाले नसते. आजच्या डिजिटल उताऱ्यावर हंगाम आहे, पिकाचे नाव आहे, सिंचनाचे साधन आहे, शेरा आहे. तो रकाना मला दिसला नाही. खोटे लिहायची तरी सोय होती, तीही गेली.

सगळे 'खुद्द' का लिहीत होते, हे आईला विचारा. तिच्या माहेरची बारा एकर जमीन कुळात गेली. मराठवाड्यात निजामाचे राज्य गेल्यावर 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आला, संरक्षित कुळे मालक झाली; तिकडे पश्चिम महाराष्ट्रात 1948 चा कायदा होता आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन. ज्यांच्या घामावर ती जमीन पिकत होती त्यांना ती मिळाली. मला विचाराल तर ते योग्यच झाले, आणि हे वाक्य मी आईसमोर बोलत नाही. पण कायद्याची दुसरीही एक बाजू आहे. दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो आणि घरचा किंवा गडी नाही, तो कूळ मानला जाऊ शकतो, ही तरतूद अजून पुस्तकात आहे. त्यामुळे कसणाऱ्याचे नाव कागदावर आले की जमीन गेली, हे समीकरण आमच्याकडच्या प्रत्येक घरात पाठ आहे. सत्तर वर्षांपूर्वी कसणाऱ्याला मालक करणाऱ्या कायद्याच्या धाकाने आज कसणाऱ्याला अदृश्य केले. मामा माझ्याकडून कधी जमीन मागणार नाहीत. त्यांना हवा आहे पंचनामा.

व्याख्येची अडचण म्हणाल तर तीही नाही. 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकरी कोणाला म्हणायचे ते लिहूनच ठेवले आहे. त्यात वाटेकरी आहे, कूळ आहे, शेतमजूर आहे, मेंढपाळ आणि मधमाश्या पाळणाराही आहे. पुढे 2019 मध्ये पीएम-किसान आली आणि सगळी व्याख्या आकसून एका ओळीवर आली: जमीन नावावर आहे का? आधी दोन हेक्टरांची मर्यादा होती, काही महिन्यांत तीही उठली. म्हणजे चाळीस एकरवाला शेतकरी झाला आणि दुसऱ्याचे चार एकर करणारा राहिला बाहेर. तेलंगणाने 2018 मध्ये रयतु बंधू आणली तेव्हा तेच केले, एकरामागे पैसे, वर मर्यादा नाही, कुळांना काही नाही. ओडिशाने त्याच सुमारास कालिया योजनेत वाटेकऱ्यांना आणि भूमिहीनांना धरले. तेव्हा करायचे ठरवले तर करता येते.

आता एक गंमत. मामांपर्यंत विनासायास पोचणारे अनुदान एकच आहे आणि ते बहुधा सगळ्यांत मोठे आहे: खताचे. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते ती केंद्र सरकार कंपनीला फरक भरून देते म्हणून. दुकानात आधार आणि अंगठा लागतो, सातबारा कोणी मागत नाही. दुकानदार गोणीसोबत नको असलेली बाटली गळ्यात मारतो, त्याला लिंकिंग म्हणतात, तो वेगळा विषय. पण अंगठा मामांचाच असतो. बाकी सगळीकडे जमीन आडवी येते. पंपाची वीज साडेसात अश्वशक्तीपर्यंत माफ, त्याचा लाभ राज्यात 44 लाख जोडण्यांना. पण ज्याच्याकडे विहीर आहे त्याला. ठिबकाला लहान शेतकऱ्याला 80 टक्क्यांपर्यंत अनुदान, पण सातबाऱ्यावर. 2017 ची दीड लाखाची कर्जमाफी, 2019 ची दोन लाखांची कर्जमुक्ती, ज्याला बँकेने कर्ज दिले त्याला. शेकडा तीनवाल्याला कोण माफी देणार?

दोन वर्षांपूर्वी खुरपणीच्या दिवसांत मामांना आमच्याच बांधावर घोणस चावली. चार दिवस दवाखान्यात होते, वाचले. हाताची दोन बोटे अजून नीट मिटत नाहीत. ते दवाखान्यात असताना मी, वाईट वाटते सांगायला, मनात नियम तपासत होतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाला तर कुटुंबाला 2 लाख मिळतात. खातेदाराला, किंवा खातेदाराच्या घरातल्या एकाला. म्हणजे शेतात न जाणारी आई त्यात आहे, मी मुलगा म्हणून बसू शकतो, आणि ज्याचा पाय रोज त्या गवतात पडतो तो नाही. शेतकरी आत्महत्येनंतरच्या 1 लाखाच्या मदतीला तरी वेगळे काय लागते? कुटुंबाच्या नावावर जमीन, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज. जिल्हा समितीच्या बैठकीत फायलीवर 'अपात्र' असा शेरा पडतो. मेलेल्या माणसाला अपात्र म्हणणारा शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेच्या सरकारी कारभारात असेल, मला शंका आहे.

मामींचा विषय यात आलाच नाही, कारण त्यांचे नाव मामांच्या नावाच्याही मागे आहे. खुरपणी, फवारणीचे पाणी आणणे, काढणी, सगळीकडे त्या. मी आईला एकदा विचारले, तू शेतकरी कधी झालीस? ती म्हणाली, "लग्न होऊन आले त्या वर्षी. दुसरं काय करत होते मी?" सरकारच्या लेखी ती 2016 साली शेतकरी झाली, विधवा होऊन. शेतकरी नेते शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर 1992 मध्ये नवऱ्याच्या हयातीतच बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावायची सोय सरकारने केली, ती आमच्या घरापर्यंत कधी आली नाही. चाळीस वर्षे शेतात राबली तेव्हा तिला कोणी शेतकरी म्हटले नाही, आणि आता शेत सुटल्यावर महिन्याला हजार रुपये सन्मान. हे तिच्याही लक्षात आले आहे, हसते ती यावर.

29,600 चे आम्ही काय केले, हे तुम्ही विचाराल. मी म्हणत होतो सगळे मामांना द्यावेत. आई म्हणाली निम्मे. दोन दिवस घरात अबोला. शेवटी तिने 20,000 दिले, स्वतः फोनवर बोलली. मामा पलीकडून म्हणाले, "अक्का, तुमचे उपकार आहेत." त्या शब्दाने मला कसेसेच झाले. ते पैसे सरकारने त्यांच्या नुकसानीपोटी पाठवले होते. आमच्या घरातून जाताना त्या पैशांचे उपकार झाले. आणि उपकार झाल्यावर पुढच्या पाडव्याला ठोका एकरी हजाराने कमी करा, असे म्हणायची त्यांची जीभ रेटेल का? शेजारच्या तिघा मालकांनी तर रुपयाही दिला नाही. त्यांना वाईट कसे म्हणू? पैसे त्यांच्याच नावाने आले होते.

माझे मागणे लहान आहे. बाराचा तो रकाना परत आणा. ई-पीक पाहणीत, त्याच ॲपवर, फोटोखाली 'हे पीक कोणी केले' एवढी जागा द्या आणि तिथे त्याचा आधार, त्याचे बँक खाते घ्या. त्या नोंदीने कुळाचा, कब्जाचा किंवा मालकीचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही, नोंद त्या हंगामापुरतीच राहील, हे कायद्याने लिहा; शासन निर्णयाने नको, आई शासन निर्णयावर विश्वास ठेवणार नाही. 2016 साली नीती आयोगाने जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला, त्यामागे हाच विचार होता: मालकी सुरक्षित, कसणारा नोंदलेला. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये कसणाऱ्यांसाठी अकरा महिन्यांच्या कार्डाचा कायदा केला, पण त्याला मालकाची संमती लागते आणि नेमके तिथेच घोडे अडते. त्यांच्याकडून शिकून पुढे जा. गावात खोटी नावे लागतील, भावकीत भांडणे होतील, हे मला दिसते. पण एक कोटी 52 लाख खात्यांच्या राज्यात आज प्रत्येक मदत चुकीच्या दारात जाण्याची सोय आहे, त्यापेक्षा ते भांडण परवडले.

पीएम-किसान आणि नमोचे मिळून 12,000 हवे तर आईकडे राहू द्या. तो सन्मान आहे, उशिरा आलेला. मी बोलतोय ते हंगामाला चिकटलेल्या पैशांबद्दल: अतिवृष्टीची मदत, विमा, भावफरक, बियाणे, अपघात. ते पीक करणाराचे आहेत.

हे काम तुमच्या खात्याचे की महसूल खात्याचे, यात फाईल फिरेल याची मला कल्पना आहे. सातबारा त्यांचा, योजना तुमच्या. पत्राची प्रत महसूलमंत्र्यांनाही पाठवतो आहे.

पाडव्याला मी गावी जाणार आहे. ओसरीवर बैठक होईल, ठोका ठरेल. तोवर तुमच्याकडून असा एखादा नमुना निघाला तर पहिल्यांदा आमच्या गटावर भरू. आईला मी हे सांगितले. ती लगेच हो म्हणाली नाही. चष्मा शोधत म्हणाली, "आधी तो कागद आण. त्यावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव."

आपला,
लातूर जिल्ह्यातील एका खातेदार महिलेचा मुलगा
सध्या मुक्काम पुणे